रामटेके सर आणि गोंदियाचा निरोप

विलास रामटेके सरांना चहा सांगता येत नसे. म्हणजे ते सांगत, पण चारचौघांसारखा नाही. आमच्या कॉलेजचा शिपाई दुकालू दारात आला की सर म्हणायचे, "तीन चाय. एक बिना शक्कर की. अब तुम बताओ, मैंने क्या कहा?" दुकालू मुकाट्यानं म्हणायचा, "तीन चाय, एक बिना शक्कर." मग सर मान डोलवत आणि दुकालू जायचा. हे रोज. एकदा वैतागून तो म्हणाला, "सर, अब आप बताओ, मैंने क्या बताया?" आम्ही सगळे हसलो. सर मात्र भलतेच खूश झाले. उठून त्यांनी दुकालूच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, "मॅडम, माह्या क्लासात हा एकच पोट्टा पास आहे."

नवं राज्य झालं होतं, रायपूर राजधानी झाली होती, आणि दर दुसऱ्या घरावर कसली ना कसली पाटी चढत होती. आमचं पत्रकारितेचं कॉलेजही तेलीबांध्याच्या तळ्याजवळच्या अशाच एका भाड्याच्या बंगल्यात भरायचं. लायब्ररी स्वयंपाकघरात होती आणि पुस्तकांना अजून फोडणीचा वास यायचा. माझ्या नवऱ्याचं ऑफिस भोपाळहून इकडं हललं, म्हणून मी इथं आले आणि भाषांतर शिकवू लागले. स्टाफरूममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. सर मूळचे गोंदियाचे, वडील रेल्वेत. उंच, काटकुळे, लग्न न केलेले, आणि खिशात कायम स्वतःचे खडू, कारण कॉलेजचे खडू ओले असतात अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्यांचा विषय होता संप्रेषणाचे सिद्धांत. एक माणूस दुसऱ्याला काही सांगतो तेव्हा नेमकं काय घडतं, याच्या आकृत्या. पहिल्या दिवशी ते फळ्यावर चौकोन काढत. हा ज्याला काही सांगायचंय तो. हा सांगावा पुढं पाठवणारा. ही वाट. हा ऐकणारा. वाटेवर एक वेडीवाकडी वीज काढून खाली लिहीत, शोर. म्हणजे गोंगाट, जो सांगाव्याची नासाडी करतो. दरवर्षी कोणीतरी विचारायचंच, की सर, सांगणारा आणि पाठवणारा असे दोन वेगळे चौकोन कशाला? सर या प्रश्नाची वाटच बघत असत. "चिट्ठी तुम्हारी, ले गया दोस्त. बस, दो डब्बे. और दोस्त रास्ते में क्या गिरा देगा, तुमको क्या मालूम?" मागच्या बाकावरून आवाज यायचा, "हव सर." त्या पोराच्या दोस्तानं काहीतरी पाडलेलं असावं.

दुसऱ्या दिवशी ते सगळं पुसून टाकत. म्हणत, ही आकृती टेलिफोनवाल्या इंजिनियरांची, माणूस काही खांब नाही. ऐकणाऱ्याकडून परत येणारा बाण पाहिजे. मी बोललो हे तुझ्यापर्यंत पोहोचलं, हे मला कळलं पाहिजे, नाहीतर मी नुसता ओरडलो. आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांवर चढलेली दोन वर्तुळं. हे माझं आयुष्य, हे तुझं. जिथं दोन्ही एकमेकांवर येतात तेवढंच आपल्याला एकमेकांचं कळतं, बाकी सगळा अंदाज. तो मधला भाग ते पिवळ्या खडूनं भरत बसायचे, घंटा होऊन गेली तरी.

नव्या राजधानीतल्या एका खात्यानं त्यांना एकदा साहेबलोकांपुढं बोलायला बोलावलं. सरांनी फळ्यावर एकच बाण काढला, सचिवालयातून गावाकडं जाणारा, आणि विचारलं, "साहब, ये तीर लौटकर कब आता है?" एक वयस्क अधिकारी शांतपणे म्हणाले, "आता है ना. चुनाव में." सभागृह हसलं. सरांनी ते उत्तर जसंच्या तसं फळ्यावर उतरवलं आणि खाली रेघ मारली. त्या खात्यानं त्यांना पुन्हा बोलावलं नाही. सरांना त्याचं काही वाटलं नाही. उलट पुढच्या वर्षीपासून तो किस्सा अभ्यासक्रमात आला.

गोंगाट शिकवायचा म्हणून त्यांनी एकदा सगळा वर्ग सिलतऱ्याला नेला, लोखंडाच्या कारखान्यात. आत कानठळ्या बसत होत्या. पोरं काळी होऊन परत आली आणि सर तिथंच राहिले, कारण तिथले कामगार हातांनी बोलतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. थांब, चालू कर, मागं हो, जेवायला चल. दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूममध्ये सर डस्टरसुद्धा हातवारे करून मागू लागले. मला ते जेवायला बोलावतायत की मागं व्हायला सांगतायत, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

असा हा माणूस. गोंगाटाचा त्याला राग नव्हता. राग होता तो लपवालपवीचा. त्यामागं एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी मला एका दुपारी, रिकाम्या वर्गात पेपर तपासता तपासता सांगितली.

आपल्याकडं फोनवर मरण सांगत नाहीत. रायपूर, नागपूर, गोंदिया, कुठंही जा, मराठी घरांत हीच रीत. माणूस गेलेला असतो आणि फोनवर म्हणतात, तब्येत जास्त आहे, निघा. वर म्हणतात, घाई करू नका, सावकाश या. ऐकणाऱ्यानं काय ते समजायचं. जाणती माणसं समजतातही. बायका काही न विचारता पांढरी साडी पिशवीत टाकतात. सांगणाऱ्याला वाटतं, एवढा लांबचा प्रवास आहे, निदान वाटेत तरी माणूस धीरानं यावा.

सर तेव्हा जगदलपूरला नवीन लागलेले, पोरवयाचे. आई लहानपणीच गेलेली. मोठी बहीण शांताताई, तिनंच त्यांना वाढवलेलं. वडील म्हातारपणी तिच्याकडंच गोंदियात असत. तिचा फोन आला. बाबाची तब्येत जास्त आहे, सावकाश ये. सर सांगत होते, "मॅडम, मले समजलं नाही असं नाही. पण आशा असते ना माणसाले. मी दिवसभर बसमध्ये बाबाशी मनातल्या मनात बोलून राहिलो होतो. राजनांदगावले उतरून संत्री घेतली. बाबाले संत्र्याचा रस देतात ना बिमारीत, म्हणून. अन् गेलो तर अंगणात तिरडी बांधून राहिले होते. माह्या हातात संत्री."

तिथंच, सगळ्या पाहुण्यारावळ्यांसमोर, ते बहिणीवर ओरडले. तू मला खोटं सांगितलंस. मी दिवसभर एका मेलेल्या माणसाशी बोलत आलो. शांताताईनं त्यांच्या हातातली संत्री काढून घेतली. ती त्यांच्यावर रागावली नाही, जेवूखाऊ घालायची, दिवाळीत डब्बा पाठवायची. पण त्या दिवसापासून ती भावाशी फोनवर बोलली नाही. फोनला हातच लावायची नाही. फोन करायची तिची मुलगी प्रज्ञा, आणि शांताताई तिच्या बाजूला उभी राहून सांगायची, त्याले म्हण, स्वेटर घालत जाय. त्याले म्हण, पाणी उकळून पेत जाय. सरांना ते मागून ऐकू यायचं. प्रज्ञा तेच पुन्हा सांगायची आणि सर दोनदा हो म्हणायचे.

"म्हणजे तुमचे दोन चौकोन," मी एकदा थट्टेनं म्हटलं. सर हसले. म्हणाले, "बहीण आहे ती. चूक माहीच होती. पण आता इतक्या सालानंतर माफी मागाले मले शब्द सापडत नाही. विषय शिकवतो अन् एवढं येत नाही." मी म्हटलं, जाऊन बोला की. ते म्हणाले, "जाईन. या उन्हाळ्यात बोलतोच तिच्याशी, सरळ."

उन्हाळ्याच्या आधीच, एका सकाळी, स्टाफरूममधला फोन वाजला. मी समोरच बसले होते. सरांनी उचलला. बोलणं फार झालं नाही. सर म्हणाले, "हो. हो बेटा. निघतो." आणि रिसीव्हर ठेवून दिला. दुकालूकडून तीन कपांचा हिशेब वदवून घेणारा माणूस, त्यानं त्या फोनवर एकही प्रश्न विचारला नाही.

"ताई गेली," सर म्हणाले.

मी विचारलं, प्रज्ञानं तसं सांगितलं का? ते म्हणाले, "ती काहून सांगन? म्हणाली, आईची तब्येत जास्त आहे मामा, सावकाश या. अन् मागून ताईचा आवाज नाही आला, मॅडम. आजपर्यंत असं कधी झालं नाही."

मग सगळं रीतीनं झालं. गेलेल्या माणसासाठी धावायचं नसतं, सगळ्यांना घेऊन जायचं असतं. सरांनी भिलाईच्या चुलतभावाला, मनोहरदादांना, फोन केला. ते म्हणाले, थांबा, मी जीप घेऊन येतो, ट्रेननं गेलो तर परतायचं कसं? गोंदियाची गाडी त्या वेळी मिळाली असती, आम्ही ती जाऊ दिली. जीप येईपर्यंत दुपार झाली. सरांची अवस्था बघून मीही सोबत निघाले. दुर्गला मनोहरदादांनी पांढरं कापड घेतलं आणि सरांनी हार. हारवाल्याकडं तयार होते ते त्यांना आवडले नाहीत. ताईला शेवंती आवडायची. त्यांनी समोर बसून नवा ओवून घेतला. मी जीपमधून पाहत होते. सगळी माया त्यांनी त्या हाराच्या निवडीत ओतली होती. मला वाटलं, बरं झालं, रडण्यापेक्षा हे बरं.

वाटेत सर बोलत होते. ताई त्यांना खांद्यावर बसवून रेल्वेच्या शाळेत कशी न्यायची, त्यांच्या पाट्या कशी पुसायची. सगळं भूतकाळात, ती होती, ती करायची असं.

संध्याकाळी आम्ही गल्लीत शिरलो. दाराशी माणसं होती, म्हणजे आमच्या अंदाजाप्रमाणंच. सर हार घेऊन खाली उतरले. प्रज्ञा आतून धावत आली आणि त्यांच्या छातीवर डोकं आपटून म्हणाली, "मामा, आताच गेली. घंटाभर नाही झाला. तुमची वाट पाहून राहिली होती. गाडीचा आवाज आला की दाराकडे पाहे."

सरांच्या हातातला हार मी काढून घेतला. प्रज्ञाच्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं तोवर तो जीपमध्ये सीटखाली सरकवला. शांताताईला दुसऱ्याच कोणी आणलेला हार पडला.

सगळं आटोपल्यावर प्रज्ञा भिंतीला टेकून बसली आणि सांगत राहिली. सकाळी दवाखान्यातून आईनंच तिला फोन करायला पाठवलं होतं. डॉक्टरनं घरी न्या म्हटलं होतं. "आई म्हणाली, तुह्या मामाले खरंच सांगजो. त्याले खोटं सांगितलेलं चालत नाही, मले त्यानं एकदा बोललं होतं. जास्त आहे म्हणूनच सांग. अन् म्हणाली, पण त्याले म्हण, सावकाश ये, घाईघाईत रस्ता ओलांडते तो. मी तसंच सांगितलं मामा. जसंच्या तसं."

सर तिच्याकडं बघत होते. मला त्यांच्याकडं बघवेना. इतकी वर्षं ते समजत होते की ताईपर्यंत आपला राग पोहोचला आणि बाकी काही नाही. तिनं त्यांचं म्हणणं तेव्हाच ऐकलं होतं, आणि मरताना पाळलं होतं. फक्त तिनं ते ऐकलं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि जो निरोप आला तो तिचा स्वतःचा होता, तिच्याच तोंडचा, पण पोरीच्या आवाजात. "आई म्हणते" एवढे दोनच शब्द गळले होते.

प्रज्ञानं डोळे पुसले आणि विचारलं, "मग काहून उशीर केला मामा? सकाळी तर फोन केला मी."

आता हा माणूस खरं सांगणार, असं मला वाटलं. आयुष्यभर त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं. सरांनी प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "गाडी खराब झाली होती बेटा. डोंगरगडापाशी."

मनोहरदादांनी सरांकडं पाहिलं, आणि मान खाली घालून म्हणाले, "हव. फॅन बेल्ट तुटला होता."

"मग ट्रेननं काहून नाही आले?" प्रज्ञानं विचारलं. मनोहरदादा उठून बाहेर गेले.

परतताना जीपमध्ये हाराचा वास भरून राहिला होता. सर माझ्याशी बोलले, हळू आवाजात. "खरं सांगितलं तर ती पोरगी काय म्हणन मॅडम? म्हणन, माह्याच सांगण्यात चुकलं म्हणून आईची अन् मामाची भेट राहिली. जन्मभर तेच घेऊन बसन. त्यापेक्षा तिनं मले बोल लावलेला बरा." आणि थोड्या वेळानं, "ताईनंही तेव्हा माह्यासाठी हेच केलं होतं. अन् मी तिले पाहुण्यांसमोर... मेलेल्या माणसासाठी संत्री नेली, अन् जित्या माणसासाठी हार. एक काम धड नाही केलं मी." ते रडले, मोठ्यानं, लहान मुलासारखे, आणि मनोहरदादांनी जीप बाजूला घेतली.

प्रज्ञानं बोल लावला. नात्यात सगळीकडं तेच झालं. प्रोफेसर साहेबाले टाइम भेटला नाही, बहीण मरून राहिली होती अन् साहेबाले जीपच पाहिजे होती. सरांच्या कानावर सगळं यायचं. ते दर रविवारी गोंदियाला जायचे. प्रज्ञा वाढायची, पाणी द्यायची, कामापुरतं बोलायची. सोमवारी मी विचारायची, बोलली का? सर म्हणायचे, "भाजी चांगली झाली होती." माझा नवरा म्हणायचा, हा माणूस वेडा आहे, सांगून मोकळं व्हावं. रायपुरातला सगळ्यात स्पष्ट बोलणारा माणूस एक खोटं सांभाळत होता, आणि त्याला ते जमत नव्हतं. दोनदा त्यांनी बेल्टच्या ऐवजी पंक्चर सांगितलं. प्रज्ञाच्या ते लक्षात आलं असावं.

वर्गात ते शिकवत राहिले. तीन दिवस, तीन आकृत्या. पण दुसऱ्या दिवशीचा, परत येणाऱ्या बाणाचा तास झाल्यावर ते स्टाफरूममध्ये यायचे नाहीत, बंगल्याच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी उभे राहायचे. दुकालू त्यांचा चहा तिथं नेऊन द्यायचा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आमच्या बदलीच्या आधी. प्रज्ञाला रायपुरात शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं होतं. सरांनी आम्हा दोघींना जेवायला बोलावलं, स्वतः वरणभात आणि वांग्याची भाजी केली. जेवण होईतो प्रज्ञा माझ्याशीच बोलत होती, मामांशी नाही. जेवल्यावर आम्ही तळ्याकडं निघालो. सर जरा पुढं चालत होते, मुद्दाम, आम्हाला बोलता यावं म्हणून. इतके पुढं नाही की ऐकू येऊ नये.

प्रज्ञा एकदम थांबली. "मॅडम, तुम्ही त्या दिवशी गाडीत होत्या. मामा कधी बेल्ट म्हणतात, कधी पंक्चर. मले खरं सांगा. गाडी खराब झाली होती की मामा उशिरा निघाले? मामाले यायचंच नव्हतं का? आई शेवटपर्यंत दाराकडे पाहून राहिली होती. मले एवढंच समजलं पाहिजे."

सरांची पावलं थांबली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मी म्हटलं, "गाडीच खराब झाली होती. बेल्टही तुटला आणि पुढं जाऊन चाकही गेलं, म्हणून त्यांचा गोंधळ होतो. मनोहरदादा दुरुस्तीला लागले, तर तुझे मामा रस्त्यावर उभे राहून येणारी जाणारी प्रत्येक गाडी थांबवत होते. एकही थांबली नाही. मग ते पायीच चालायला लागले गोंदियाकडं, भर उन्हात. आम्ही मागून जीप घेऊन गेलो तेव्हा बरेच लांब गेले होते. ते उशिरा निघाले नाहीत ग. तुझा फोन ठेवला आणि तसेच उठले."

प्रज्ञा माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा पार विस्कटला. "मले एवढं काहून नाही सांगितलं त्यांनी?" ती म्हणाली, आणि पुढं धावत जाऊन तिनं मामांचा हात धरला आणि त्यांच्या दंडावर डोकं ठेवून रडू लागली. सर तिच्या केसांवरून हात फिरवत होते. थोड्या वेळानं दोघं तळ्याच्या कडेनं चालू लागले. ती काहीतरी भरभरून सांगत होती, आणि ते मान हलवत होते. मी मागंच राहिले.

वळणावर सरांनी मागं पाहिलं. प्रज्ञाच्या नकळत त्यांनी माझ्याकडं वळून हात जोडले. कोणी साधी गोष्ट फिरवून सांगितली तरी ज्यांना खपत नसे, त्यांनी मला, मी सांगितलेल्या खोट्यासाठी, हात जोडले.